'जपून'चा पहिला चोर

गाड्यांच्या काचा फोडून आतलं सामान पळवणाऱ्या तमाम चोरांना मी एकट्याने, खुर्चीवरून न उठता, बेकार करणार होतो! हसू नका. सगळं तयार होतं. फक्त चोरांना कळवायचं बाकी होतं.

मी मोबाइलच्या ॲपची स्क्रीन आखतो. बटण कुठे असावं, अक्षरं केवढी असावीत, कोणता रंग डोळ्यांना बरा वाटेल, हे ठरवणं माझं काम. या कामात निम्मा वेळ खिडकीबाहेर बघावं लागतं. निदान मला तरी लागतं. घरीदारी सगळे मला तंद्री म्हणतात. एकदा मी लिफ्टमध्ये शिरलो आणि कोणतंच बटण न दाबता पाऊण तास उभा राहिलो, तेव्हापासून हे नाव पक्कं झालं. अहो, आत छान वाटत होतं, एवढंच!

या ॲपची कल्पना सुचली ती बायकोमुळे. ती शाळेत चित्रकला शिकवते आणि उरलेल्या वेळात लहान मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रं काढते. तिचं पहिलंवहिलं पुस्तक येणार होतं. एका उशीची गोष्ट. उशीला झोप येत नाही, म्हणून ती घराबाहेर पडते आणि छपरांवरून तरंगत तरंगत झोप शोधत फिरते. दोन वर्षं खपून बायकोने अकरा चित्रं केली. एके दिवशी ती सगळी काळ्या बॅगेत घालून गाडीच्या मागच्या सीटवर ठेवली आणि पाच मिनिटांसाठी रंगांच्या दुकानात गेली. परत येते तर काचेचा चुरा आणि सीट रिकामी! एवढी मोठी बॅग बघून चोराला वाटलं असणार, घबाड मिळालं. बॅग उघडल्यावर त्याचं तोंड कसं झालं असेल, ते जाऊ द्या. बायकोने पुढे आठ महिने ब्रश हातात धरला नाही. मी फुलं आणली, फिरायला नेलं, भांडीसुद्धा घासली. काही उपयोग नाही. ती घरात असायची आणि नसायची. मला फार वाईट वाटायचं हो.

मग एका सकाळी ती उठली आणि पहिल्यापासून सगळी उशी पुन्हा रंगवायला बसली. तिच्या शेजारी टेबल ओढून मीही बसलो आणि ॲप आखायला घेतलं.

नाव ठेवलं 'जपून'. चोर काच फोडतो ती सीटवर काहीतरी दिसतं म्हणून. तेव्हा गाडी लावली की 'जपून' हळूच विचारणार, "सीटवर काही राहिलं तर नाही ना?" मग तुम्ही काचेतून आतला फोटो काढायचा, आणि चोराला मोह पडेल असं काही आत असेल तर ॲप ते दाखवणार. शिवाय आसपास कुणी संशयास्पद फिरताना दिसलं, तर तुम्ही चार शब्द लिहायचे. ॲप त्यांच्याआधी "जरा जपून हं" एवढं जोडून शेजारच्या सगळ्या गाडीवाल्यांना पाठवणार. भोंगा नाही, लाल दिवे नाहीत. आमचा प्रोग्रामर, दाढीवाला, भोंग्यासाठी हटून बसला होता. मी म्हटलं, "घाबरवून कुणी शहाणं होतं का? माणसाला कसं गालावर पीस फिरवल्यासारखं जागं करावं!" त्याने दाढी खाजवली आणि भोंगा काढून टाकला.

शुक्रवारी आमच्या इमारतीच्या पार्किंगमध्ये 'जपून'ची चाचणी होती. चाळीस गाडीवाल्यांनी ॲप घेतलं होतं. दुपारी दोनला विमा कंपनीचे दोन पाहुणे बघायला येणार होते. त्यांना पसंत पडलं तर 'जपून' हजारो गाड्यांत जाणार होतं.

आणि नेमकं त्याच शुक्रवारी बायकोची नवी अकरा चित्रं प्रकाशकाकडे पोचवायची होती! तिला शाळेत पाचपर्यंत परीक्षेची ड्यूटी. तिने काळी बॅग माझ्या हातात दिली, पण लगेच सोडली नाही.

"बरोबर चार वाजता प्रकाशक छापखान्यात जाणार. तोवर चित्रं मिळाली नाहीत तर दुसऱ्याचं पुस्तक घेऊन जातील. मग माझा नंबर कधी लागेल ते देव जाणे. कळलं?"

"कळलं."

"काय कळलं?"

"चार वाजता."

"आणि गाडीत ठेवायची नाहीत. डिकीत नाही, सीटखाली नाही, कुठ्ठेच नाही. पुन्हा गेली तर माझ्याच्याने तिसऱ्यांदा व्हायचं नाही."

हे शेवटचं ती हळू बोलली. "अगं, कुणाला सांगतेस!" मी छाती पुढे काढली. "हे ॲप मी केलंय!"

"म्हणून तर सांगतेय," ती म्हणाली आणि मग बॅग सोडली.

ऑफिसात पोचतो तर मॅडम, म्हणजे आमच्या साहेब, दारातच उभ्या. "तंद्री, घोळ झालाय! काचेवर प्रतिबिंब पडलं की ॲपला काही कळत नाही. सकाळी दाढीवाल्याने त्याच्या गाडीचा फोटो काढला. काचेत त्याचंच तोंड दिसत होतं. ॲप म्हणालं, 'सीटवर केसाळ पर्स राहिली आहे, ताबडतोब उचला'!"

दाढीवाला कोपऱ्यात पाठ फिरवून बसला होता.

"खाली जा आणि वेगवेगळ्या गाड्यांच्या काचेतून पन्नास फोटो काढून आण," मॅडम म्हणाल्या. "ॲपला ते दाखवून शिकवू. आणि कुणाला सांगू नकोस! सांगितलं की लोक सीट आवरून ठेवतात. आपल्याला खरा पसारा हवाय."

आता चित्रं ऑफिसात ठेवावीत तर तिथे दिवसभर येणाऱ्या-जाणाऱ्यांचा राबता. गाडीत ठेवायची नाहीत. मी बॅग काखेत घट्ट मारली, फोन हातात घेतला आणि पार्किंगमध्ये उतरलो. काखेत भरलेली मोठी बॅग, हातात फोन, आणि प्रत्येक गाडीच्या काचेला नाक लावून आत बघणं! लांबून हे कसं दिसत असेल, हा विचार तुमच्या मनात आला ना? माझ्या नाही आला.

कारण मी पहिल्याच काचेतून आत बघितलं आणि हरवलो. तुम्ही कधी दुपारच्या वेळी दुसऱ्याच्या गाडीत निवांत डोकावून बघितलंय? बघा एकदा. बाहेर झाडांची सावली हलत असते, काचेवर ढग सरकत असतात, आणि त्या ढगांच्या आत एक खोली असते. एका गाडीत बाळाचा एकच मोजा पडला होता. एकीत डॅशबोर्डवर उन्हात पिकत ठेवलेला पेरू होता. एकीत मागच्या सीटला चक्क सीटबेल्ट लावून कुंडी बसवली होती, आणि तिला एकच पिवळं फूल आलं होतं. कुणाचं असेल? कुठे निघालं असेल? फोटो सात झाले आणि घड्याळात पाऊण तास गेला.

लाल गाडीत तर अर्धवट विणलेला स्वेटर होता. सुया तशाच खोवलेल्या. एक बाही पूर्ण, दुसरी कोपरापर्यंत. बाही अर्ध्यावर का थांबली असेल? लोकर संपली? की ज्याच्यासाठी विणत होती तो माणूस रागावून गेला? मी काचेला कपाळ टेकलं आणि मनातल्या मनात त्या माणसाला परत आणायला निघालो. तो येतच होता, तेवढ्यात हातातला फोन मंजुळ वाजला.

"जरा जपून हं, निळ्या शर्टातला एक माणूस गाड्यांत डोकावतोय."

माझ्या अंगावर रोमांच आले! चाललं! माझं ॲप चाललं! काय ती अक्षरं, काय ती पिवळी पट्टी! आणि चोर? चक्क इथेच? मी इकडे बघितलं, तिकडे बघितलं. निळ्या शर्टातलं कुणी दिसेना. मी कोणता शर्ट घातला होता? अहो, मी शर्ट बघून घालत नाही, हाताला लागेल तो घालतो!

पुन्हा फोन वाजला. "जरा जपून हं, त्याच्याकडे मोठी काळी बॅग आहे. भरलेली दिसते."

बाप रे! म्हणजे याने आधीच कुणाची तरी बॅग मारली होती! आणि माझ्याकडेही तशीच बॅग! आता याचा डोळा माझ्या बॅगेवर जाणार! बायकोचा चेहरा डोळ्यांसमोर आला. मी बॅग दोन्ही हातांनी छातीशी धरली आणि पटकन एका पांढऱ्या गाडीमागे बसलो.

"जरा जपून हं, तो आता पांढऱ्या गाडीमागे दबा धरून बसलाय."

पांढऱ्या गाडीमागे? अरे, पांढऱ्या गाडीमागे तर मी आहे! म्हणजे चोर माझ्यापासून हाताच्या अंतरावर! मी आडवा होऊन गाडीखाली बघितलं. तिथे एक मांजर होतं. त्यानेही माझ्याकडे संशयाने बघितलं.

"जरा जपून हं, तो आता गाडीखाली शिरतोय. वॉचमन, धावा!"

हे वाचेपर्यंत दोन भक्कम हातांनी माझे पाय धरले आणि मी सरकत बाहेर आलो.

"सापडला!" वॉचमनकाका ओरडले.

"कुठंय? कुठंय?" मीही ओरडलो.

हे काका नवीन होते, चारच दिवस झाले होते त्यांना. ते मला ओळखत नव्हते. गाडीवाल्यांची गर्दी जमली. सगळ्यांत पुढे होत्या दातांच्या डॉक्टरीणबाई, तिसऱ्या मजल्यावरच्या दवाखान्यातल्या. सगळे निरोप त्यांनीच खिडकीतून पाठवले होते, एका पेशंटला तोंड उघडं ठेवायला सांगून. "माझ्या लाल गाडीशी वीस मिनिटं उभा होता!" त्या धापा टाकत म्हणाल्या. "कपाळ टेकून, आतल्या माझ्या अर्धवट विणलेल्या स्वेटरवर डोळा ठेवून! मी मोजलीत!"

मी सगळं सांगणार, तेवढ्यात लिफ्टचं दार उघडलं आणि मॅडम विमा कंपनीच्या दोन पाहुण्यांना घेऊन बाहेर आल्या. काका खुशीत म्हणाले, "साहेब, चोर पकडला! त्या जपूनवर पकडला!"

"खरा चोर?" थोरले पाहुणे हरखले. "पहिल्याच दिवशी? वा! मॅडम, मानलं!"

मॅडमनी माझ्याकडे बघितलं. त्यांचे डोळे मोठे झाले. मग त्यांनी पाहुण्यांच्या चेहऱ्यावरचा आनंद बघितला, आणि त्यांच्या चेहऱ्यावर एक विलक्षण शांती पसरली.

"हो," त्या म्हणाल्या, "चोरच."

काकांनी मला त्यांच्या केबिनमध्ये स्टुलावर बसवलं. मॅडम विचारपूस करायच्या निमित्ताने वाकल्या आणि कानात पुटपुटल्या, "तंद्री, पाया पडते तुझ्या, अर्धा तास चोर राहा. यांची सही झाली की सोडवते."

"मॅडम, चित्रं! चार वाजता!"

"आत्ता सव्वादोन वाजलेत. वेळ आहे रे!"

झालो चोर! करतो काय? पाहुणे समोर येऊन बसले. धाकट्यांनी विचारलं, "काय रे, कशामुळे पकडला गेलास?"

मान खाली घालून गप्प बसायचं होतं. पण दोन वर्षं ज्याच्यावर घालवली, त्याबद्दल कुणीतरी पहिल्यांदाच मनापासून विचारत होतं! "त्या पिवळ्या पट्टीमुळे," मी म्हटलं. "ती पिवळी नीट बघा साहेब. लिंबाची नाही, संध्याकाळच्या उन्हाची आहे. डोळ्यांना टोचत नाही, पण नजर हटत नाही. आणि बटण बघा कसं अंगठ्याखाली येतं!"

"चोराला बरंच कळतं की!" थोरले म्हणाले. मॅडमना जोराचा खोकला आला.

तीन वाजले. पाहुण्यांना चोर इतका आवडला की ते उठेनात. सव्वातीन झाले. शेवटी सहीसाठी पेन निघालं, तेवढ्यात थोरल्यांना काहीतरी आठवलं. "पोलिसांना कळवलं ना? ही बॅग मुद्देमाल म्हणून जमा होईल. ती मिळायला मग चार-सहा महिने कुठे गेले नाहीत."

काकांनी माझी बॅग उचलून कपाटात ठेवायला घेतली.

मला कपाट दिसेना, पाहुणे दिसेनात. दिसली ती आठ महिने गप्प बसलेली बायको. मी उठलो, स्टूल पडलं, आणि असा ओरडलो की डॉक्टरीणबाई दोन पावलं मागे गेल्या. "मी चोर नाही! हे ॲप मीच आखलंय! ही चित्रं माझ्या बायकोची आहेत आणि ती चारच्या आत पोचली पाहिजेत! मॅडम, सांगा ना!"

मॅडमनी डोळे मिटून घेतले. "सगळे चोर असंच म्हणतात," काका म्हणाले. "बायकोला फोन लावा."

लावला. स्पीकरवर टाकला. परीक्षेच्या वर्गातून बायकोचा दबका आवाज आला, "हॅलो?"

"बाई, इथे एक माणूस पकडलाय. तुमचा नवरा आहे म्हणतो."

"काय करत होता?"

"परक्या गाडीतल्या अर्धवट विणलेल्या स्वेटरकडे वीस मिनिटं बघत उभा होता."

पलीकडे एक लांब सुस्कारा. "हो. माझाच."

काकांनी बॅग माझ्या हातात दिली. मागे थोरले पाहुणे विचारत होते, "म्हणजे मॅडम, तुमच्या ॲपने पकडलेला एकुलता एक चोर तुमचाच माणूस?" मॅडम काय म्हणाल्या ते ऐकायला मी थांबलो नाही.

बायकोची जुनी गाडी मी कशी हाकली, मला आठवत नाही. बॅग शेजारच्या सीटवर, एक हात तिच्यावर. चारला पाच कमी असताना प्रकाशकाच्या रस्त्याला लागलो. पोचलो! रस्त्यावर फुलांचा सडा पडला होता, ऊन मऊ झालं होतं, आणि मला वाटलं, ती उशी आत्ता या झाडांवरूनच तरंगत जात असेल. आज रात्री तिला झोप लागेल. सगळ्यांनाच लागेल. अशा छान विचारात मी उतरलो, दाराचं बटण खाली दाबलं, दार लोटलं. खट्!

किल्ली आत, फोन आत आणि बॅगही आत!

स्टँडवर लावलेल्या फोनवर पिवळी पट्टी उजळली. संध्याकाळच्या उन्हाचा तो रंग काचेतूनसुद्धा फार सुरेख दिसत होता. "सीटवर काही राहिलं तर नाही ना?"

समोरच्या फुटपाथला प्रकाशक व्हॅनमध्ये बसलेच होते. "आणलीत का चित्रं?" त्यांनी हाक मारली.

"आणली! ही काय, दिसतायत बघा!"

"दिसून काय करू? हातात द्या! दोन मिनिटांत निघतोय."

मी चारही दारं ओढून बघितली. मग कडेचा एक दगड उचलला. पुढची काच फोडावी तर चुरा चित्रांवर पडणार, म्हणून मागच्या दाराच्या काचेशी गेलो आणि घातला. काच हूं की चूं करेना. पुन्हा घातला. दुपारी नुसतं बघितलं तर चाळीस माणसं धावली होती. इथे भर रस्त्यात, लख्ख उजेडात मी दगडाने गाडी फोडतोय, आणि लोक बाजूने चाललेत! एका बाईने तर "जरा सरकता का?" म्हणून वाट काढली. शेवटी काठी टेकत चाललेले एक आजोबा थांबले. मी म्हटलं, आता हे ओरडणार.

"मधोमध नाही फुटत," आजोबा म्हणाले. "कोपऱ्यात मारा."

"तुम्हाला कसं माहीत?"

"माझी दोनदा फुटलीय."

कोपऱ्यात मारला. फुटली! हात घालून मागचं दार उघडलं, पुढे झेपावलो, बॅग घेतली आणि व्हॅनकडे पळालो. प्रकाशकांनी घाईघाईत बॅग उघडली, पहिलं चित्र बघितलं, आणि थांबले. छपरांच्या वर, फिक्या निळ्या आभाळात, एकटी उशी. त्यांनी दुसरं बघितलं, तिसरं बघितलं. ड्रायव्हरने इंजिन बंद केलं आणि तोही वाकून बघायला लागला. चार वाजून गेले. कुणालाच घाई नव्हती.

"त्यांना सांगा," प्रकाशक अकरावं चित्र हळूच ठेवत म्हणाले, "असंच छापतो. एक रेघ बदलत नाही."

पाचला शाळेच्या फाटकाशी गाडी उभी केली. बायको आली, शेजारी बसली, आणि आधी माझ्या तोंडाकडे बघितलं. "पोचली?"

"पोचली. एक रेघ बदलणार नाहीत म्हणाले."

तिने माझा हात धरला, डोळे पुसले. मग मागून वारा आला, तिचे केस उडाले, आणि तिने मान वळवली.

"ही काच कुणी फोडली?"

मी गाडी सुरू केली.

"अरे, कुणी फोडली?"

मी सांगितलं. पेरूपासून आजोबांपर्यंत सगळं. आधी ती रागावली. मग हसायला लागली ती इतकी की मला गाडी कडेला घ्यावी लागली. चोरी झाल्यापासून मी तिला असं हसताना बघितलं नव्हतं. पोट धरून ती म्हणाली, "चोरांचं राहू दे! मला एक वेगळं ॲप करून दे. तू आपल्या गाडीच्या दहा फुटांत आलास की मला कळलं पाहिजे!"

विमावाले "विचार करून कळवतो" म्हणून गेले ते अजून विचारच करतायत. पण बायकोचं ॲप मी आठवड्यात करून दिलं. पिवळी पट्टी, मंजुळ आवाज, सगळं तेच. सध्या ते वापरणारी बाई एकच आहे, पण आमच्या कंपनीच्या इतिहासात इतकं समाधानी गिऱ्हाईक दुसरं झालेलं नाही.